मधले तीनशे बासष्ट

कागदावर पहिल्या ओळीत लिहिलं:
दुरपदी मेतर, वय अंदाजे एकसष्ट,
देवबाग, कर्लीच्या खाडीकडची बाजू.
वजनाच्या रकान्यात अडले.
ती मला बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेली,
सुरमई तोलायच्या काट्यावर टोपलीसकट चढली.
"टोपली वजा कर गो, ती काय जेवत नाय."
सत्तेचाळीस किलो.

सूत्र सोपं आहे.
वजन गुणिले तास गुणिले कामाचा आकडा.
आकडे तक्त्यात छापलेले असतात:
जिना चढणं, दोरीवरच्या उड्या,
हिरवळ कापणं, यंत्र ढकलत,
कुत्र्याला फिरवणं, व्हायोलिन वाजवणं,
प्रार्थनेला नुसतं उभं राहणं सुद्धा.
तिसऱ्या काढणं नाही.
मी दोनदा बोट फिरवून पाहिलं.

किती तास?
"सुकती लागली की उतरायचा,
पाणी फिरला की चढायचा."
आणि पाणी फिरलं हे कळतं कसं?
"घोट्याक कळता."
मी लिहिलं, साडेतीन.

मग विद्यापीठाचं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं,
उजव्या. हिरवा दिवा तिच्या कातडीत
नाडी शोधत लुकलुकत राहिला.
ती कासोटा खोचून कमरेएवढ्या पाण्यात गेली
आणि थांबली.
म्हणजे मला काठावरून तसं वाटलं.
उजवा हात तरंगत्या घमेल्याच्या कडेला, स्थिर,
मान वर, नजर पलीकडच्या कोरजाईच्या माडांवर,
जशी एखादी होडीची वाट बघते तशी.
सगळं काम खाली, गाळात चालू होतं.
अंगठा चाचपतो, बोटं धरतात,
पाय गुडघ्यापर्यंत वर येतो,
डावा हात पाण्यात जाऊन शिंपली घेऊन येतो.
टक्. घमेल्यात.
पुन्हा पाय वीतभर पुढे.

पाऊण तासानं ती ओरडली,
"गो, ह्यां तुझा घड्याळ कुरकुरता!"
मी पाण्यात उतरून वाचलं.
'तुम्ही बराच वेळ बसून आहात.
उठा, थोडं चाला.'
वाचून दाखवावं की नाही, कळेना. दाखवलं.
ती इतकी हसली की घमेलं कलंडलं,
पाच-सहा तिसऱ्या परत खाडीला गेल्या.
"बसलंय खंय मी? त्येका सांग,
एकदा माझ्या पायात बांधून घे."

पायात बांधायला पट्टा पुरला नाही.

रात्री खोलीवर हिशेब मांडला.
ती बसली होती म्हटलं तर
साडेतीन तासांत दोनशे चौदा.
चालत होती म्हटलं तर पाचशे शहात्तर.
खरं मध्ये कुठेतरी.
मधले तीनशे बासष्ट कुठे धरू?
किती गाळाला, किती ओढीला,
खाडीला ऊब देण्यात किती गेले?
ते साडेतीन तास तिचं अंगही पाणी तापवत होतंच,
एक बाई, अख्खी कर्ली.
काठावर उभं राहून लिहिण्याचे माझे मात्र
घड्याळानं आदल्या दिवशी बिनचूक मोजले होते:
एकशे अठरा. वर एक फुगा, शाब्बास म्हणणारा.

दुसऱ्या दिवशी तिनं एकशिपी वाढली,
ओलं खोबरं सढळ.
मी मनात वाटी मोजायला लागले,
तर तिनं न विचारता दुसरी ओतली.
सून चुलीपाशी होती, ती म्हणाली,
"ताई, झोपेचा पण लिवतास काय तुम्ही?"
लिहिते. झोपेचा आकडा सगळ्यात लहान, एकाच्या आतला.
"मगे आमच्या आवशीचा येगळा लिवा.
झोपेत तिचे पाय हलतत.
अंगठो फिरता नुसतो. गोधडी फाटली पायाकडे."
दुरपदी म्हणाली, "गप ऱ्हव."
आणि पाय लुगड्याखाली घेतले.

कागद अजून माझ्याकडे आहे.
तो रकाना पेन्सिलीनं भरलाय, फिकट,
खोडता येईल इतका.